फळीपलीकडची टकटक

"मामा, हात मागं घ्या," नेसरीकर म्हणाला. "त्या बटणाला आज कुणी शिवायचं न्हाई. तुम्ही तर अजिबात न्हाई."

मी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. शाळेत बोलक्या मुलांना मास्तर अशी शिक्षा करत. मी बोलका नव्हतो, त्यामुळे ती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. सत्तरीच्या जवळ आल्यावर आली.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर, बोळासारख्या अरुंद जागेत आम्ही दोन पडद्यांसमोर बसलो होतो. मी, माझी भाची केतकी आणि तिचा भागीदार नेसरीकर. पडद्यावर शेजारची खोली दिसत होती. ती खोली मी केली होती. हे वाक्य लिहिताना अजूनही मला आजूबाजूला बघावंसं वाटतं, कुणी हसत तर नाही ना.

केतकीचा धंदा एस्केप रूमचा. लोकांना तासभर एका खोलीत कोंडायचं. आत कोडी मांडलेली असतात. एकेक कोडं सोडवत, कुलपं उघडत त्यांनी बाहेर पडायचं. यासाठी लोक आपणहून येतात, आधी जागा राखून ठेवतात, हे तिने मला सांगितलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती. तिच्याकडे दोन खोल्या आधीच चालू होत्या, दोन्ही बाहेरून तयार आणलेल्या. एक पिरॅमिडची, एक बँकेतल्या दरोड्याची. तिसरी आपली स्वतःची असावी, असा तिचा हट्ट. मी जन्मभर वाचनालयात नोकरी केलेली, सांकेतिक लिप्यांबद्दल हाताला लागेल ते वाचलेलं. ती विचारायला आली आणि मी लाजत लाजत सांगत गेलो. अक्षरं पुढे सरकवून लिहायची पद्धत, पान-ओळ-शब्द अशा आकड्यांतून निरोप पाठवायची पद्धत. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मामा, खोलीच तुम्ही करा."

मी नाही म्हणालो. मग आठवडाभराने एक कागद तिच्या हातात दिला. त्यावर पिरॅमिड नव्हता आणि खजिनाही नव्हता. होतं ते दोन खोल्यांचं साधं घर, पन्नास वर्षांपूर्वीचं. पुढे बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर, मधे फळ्यांची भिंत. माणसं गावाला गेली आहेत, आतल्या दाराला कुलूप आहे, किल्ली कुठे ठेवलीय ते शोधायचं. आणि फळीपलीकडून, रिकाम्या स्वयंपाकघरातून, कुणीतरी टकटक करतंय.

"ह्यात भूत पायजे," नेसरीकर तेव्हा म्हणाला होता.

"भूत नाही," मी म्हणालो.

"मग टकटक कोन करतंय?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मी दिलं नव्हतं.

नेसरीकर वाईट मुलगा नव्हता. यंत्रातलं त्याला फार छान कळायचं. फळीमागची ती छोटी हातोडी त्यानेच बसवली होती, आणि ती हुबेहूब बोटाच्या पेरासारखी वाजावी म्हणून तिच्या टोकाला चामडं लावलं होतं. पण त्याचा जीव भुताच्या बंगल्यात होता. त्याने तो बंगला कुठेतरी पाहून ठेवला होता. तांबडे दिवे, हलणारी खुर्ची, सगळं तयार. शेवटी दोघांचं ठरलं : मामांच्या खोलीची एकदा चाचणी घ्यायची. चार अनोळखी माणसं आत सोडायची. बाहेरून एक अक्षरही सुचवायचं नाही. तासाभरात ती स्वतःच्या बळावर स्वयंपाकघरात पोचली, तर खोली राहील. कोडं मधेच मागे घ्यावं लागलं, किंवा बाहेरून बटण दाबून पेटी उघडावी लागली, तर दुसऱ्या दिवशी फळ्या उतरवायच्या आणि बंगला उभा करायचा.

"माझ्या मामाची खोली आहे, राहणारच," केतकी सगळ्यांना सांगत सुटली होती. तिने असं सांगितलं की मी विषय बदलायचो.

चाचणीला अभियांत्रिकीची चार मुलं यायची होती, आली तीन. एक तस्लीम नावाची सावळी, शांत मुलगी. एक हर्षवर्धन, त्याचा आवाज जिन्यातूनच ऐकू आला होता. आणि एक चष्मेवाला, तो हर्षवर्धनच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा. चौथा आजारी पडला होता.

नेमकी त्याच वेळी आमची इंदू जिना चढून वर आली. मी दुपारी जेवलो नव्हतो, म्हणून डबा घेऊन.

"मामी, लई बरं झालं," नेसरीकर म्हणाला. "चौथा गडी कमी हाय. चला आत."

"मी?" इंदू म्हणाली. "मला काय येतंय त्यातलं?"

"तेच पायजे. काय येत नसलेलं मानूस."

"अहो, तिला कशाला..." मी उठलोच. "तिचे गुडघे दुखतात."

"आत खुर्ची आहे मामा, तुम्हीच ठेवलीय," केतकी म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "मामींना कोडं माहीत नाहीये ना?"

"नाही," मी म्हणालो.

ते खरं होतं. मी घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. केतकीचं काहीतरी काम आहे, एवढंच. चाळीसहून अधिक वर्षं संसार केल्यावर बायकोला सांगायला ज्याची लाज वाटावी, असं ते काम होतं. नेसरीकरला मी खरं कारण सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगायचं, आणि केतकीसमोर ते माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी पुन्हा खाली बसलो. इंदूने डबा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि त्या मुलांच्या मागून आत गेली.

दार बंद झालं. घड्याळ सुरू झालं.

मुलं आत शिरताच इकडेतिकडे धावली. इंदू धावली नाही. ती उंबऱ्याशीच उभी राहिली. खुंटीवर काळा कोट होता. कोपऱ्यात खाट, तिच्यावर चौकड्यांची चादर. भिंतीवर आरसा, जरा तिरका. तिने एकेका गोष्टीकडे सावकाश पाहिलं. मग फळ्यांच्या भिंतीजवळ गेली आणि एका जागी हात ठेवला. तिथे फळीला गाठ होती. मी सुताराकडे तशी गाठीची फळी मागितली तेव्हा तो म्हणाला होता, "काका, गाठ असलेलं लाकूड कोन मागतं का?"

"मामी काय शोधताहेत?" केतकी म्हणाली.

"पाहतेय आपली," मी म्हणालो.

इंदू खुर्ची ओढून फळीच्या कडेला बसली. पंचवीस मिनिटं सगळं छान चाललं. रेडिओचा काटा, आरशामागचे आकडे, खाटेखालची ट्रंक. मुलं भराभर उलगडत गेली आणि शेवटी ट्रंकेतून पेटी निघाली. त्या पेटीचं कुलूप म्हणजे माझा अभिमान, आणि माझी काळजीसुद्धा. एका दांड्यावर तीन लाकडी चकत्या, प्रत्येकीच्या कडेवर क पासून ळ पर्यंत अक्षरं कोरलेली. तिन्ही चकत्यांवर योग्य अक्षरं समोर आली की पेटी उघडणार, आत स्वयंपाकघराची किल्ली.

पेटी ट्रंकेतून उचलली गेली आणि फळीमागून टकटक सुरू झाली.

पाच. जराशी उसंत. पुन्हा पाच. मग मोठी उसंत. एक. तीन. मोठी उसंत. सहा. दोन. आणि मग शांतता. थोड्या वेळाने तेच पुन्हा पहिल्यापासून.

इंदूचा चेहरा पडद्यावर लहानसा दिसत होता, माझ्या अंगठ्याएवढा. पहिल्या फेरीला ती दचकली. दुसऱ्या फेरीला तिने मान खाली घातली. तिसऱ्या फेरीला पदराचं टोक ओठांवर धरलं. ती हसत होती की दुसरं काही, मला कळलं नाही.

पण कळलं मला एक. तिला शब्द लागला होता. पहिल्याच फेरीत लागला असणार. आता ती उठेल, त्या चकत्या फिरवेल, पेटी उघडेल, आणि नेसरीकर म्हणेल, मामींना माहीत होतं, ही चाचणी धरायची नाही. आणि त्याचं म्हणणं बरोबरच असेल.

ती उठली नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

"मोर्स आहे हे," हर्षवर्धन म्हणाला. "शंभर टक्के मोर्स."

चष्मेवाल्याने मान डोलावली.

"मोर्समध्ये लांब आणि आखूड असतं," तस्लीम म्हणाली. "हे सगळं सारखंच वाजतंय."

"मग तारीख असेल. पाच पाच, एक तीन..."

"चकत्यांवर आकडे कुठे आहेत? अक्षरं आहेत."

"पंचावन्नावं अक्षर मोज मग."

"इथे पस्तीससुद्धा नाहीत, हर्षा."

"आजी, तुम्हाला काय वाटतं?" हर्षवर्धनने विचारलं. मी पडद्याकडे झुकलो.

"मला कसलं कळतंय बाळा," इंदू म्हणाली. "शोधा तुम्ही. मी आहे इथे."

वेळ जात राहिला. हर्षवर्धनने चकत्या वाटेल तशा फिरवायला सुरुवात केली. चष्मेवाला कोटाचे खिसे पुन्हा तपासू लागला. तस्लीम जमिनीवर मांडी घालून बसली आणि डोळे मिटून टकटक ऐकू लागली. पण दर फेरीला हर्षवर्धन मधेच बोलायचा आणि तिचं मोजणं मोडायचं.

"मामा," नेसरीकर हळू आवाजात म्हणाला, "ह्या पोरांना क ख ग तरी येतं का नीट? सगळी इंग्रजी शाळेतली हैत."

तो कुत्सितपणे बोलला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मला हे सुचलंच नव्हतं. मी ज्यांच्यासाठी कोडं केलं, त्यांना मी ओळखत होतो का? मी तर माझ्यासाठीच केलं होतं. म्हाताऱ्याने आपल्या आठवणींची फळी आणून लोकांसमोर उभी केली होती आणि त्यांनी ती उघडावी अशी अपेक्षा धरली होती.

ते कोडं आताच मागे घ्यावं, असं मनात आलं; मी पूर्वीही असंच केलं आहे. तरुणपणी एक कथा लिहून एका दिवाळी अंकाकडे दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन परत घेऊन आलो. संपादक म्हणाले, अहो, मी अजून वाचलीसुद्धा नाही. मुख्य ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज केला आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी मागे घेतला. कुणी नको म्हणायच्या आत आपणच नको म्हणावं, म्हणजे लागत नाही, असं मला वाटायचं. लागायचं. कथा परत आणली त्या दिवशी इंदूने फक्त माझ्याकडे बघितलं आणि ताट वाढलं. घरात माझे आईवडील होते, ती बोलणार तरी काय?

"किती वेळ राहिलाय?" मी विचारलं.

"अठरा मिनिटं," केतकी म्हणाली. तिचा आवाज आता मघाचा राहिला नव्हता.

"केतकी," मी म्हणालो, "ते कोडं... मला वाटतं, आपण ते..."

मी उठलोसुद्धा. बटणाकडे माझा हात गेला होता. नेसरीकरने या वेळी मला अडवलं नाही. तो माझ्याकडे जरा दयेने पाहत होता.

आणि पडद्यातून एक निराळाच आवाज आला.

फळीमागच्या हातोडीचा नव्हता तो. काचेच्या बांगड्यांसकट लाकडावर पडणाऱ्या बोटाचा होता. इंदू खुर्चीतच होती. तिने मान वर केली होती आणि छताच्या कोपऱ्यात, जिथे कॅमेरा होता, तिथे थेट बघत होती. तिचं बोट फळीच्या गाठीवर पडत होतं.

चार. दोन. उसंत. पाच. तीन.

"आजी," हर्षवर्धन ओरडला, "तुमच्या बांगड्या वाजताहेत ओ! आम्हाला मोजायचंय!"

"हो का? राहिलं," ती म्हणाली. आणि तरीही एकदा, कॅमेऱ्यावरची नजर न हलवता, पुन्हा वाजवलं. चार. दोन. पाच. तीन.

चौथ्या ओळीतलं दुसरं अक्षर, थ. पाचव्या ओळीतलं तिसरं, ब.

थांब.

आता सांगायलाच हवं.

आमचं लग्न झालं तेव्हा शनिवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मी आणि वडील झोपायचो, स्वयंपाकघरात आई आणि इंदू. मधे फळ्यांची भिंत. दिवसा कुणाच्या देखत नवराबायकोने बोलायचं नाही, असा काही लिखित नियम नव्हता, पण आम्ही दोघंही लाजाळू. आमच्यात जे बोलणं व्हायचं ते तिसऱ्याच्या तोंडून व्हायचं. "आई, तिला सांग, पाणी तापलंय का."

मी त्या सुमाराला कुठल्यातरी पुस्तकात वाचलं होतं की कैदी भिंतीवर टकटक करून एकमेकांशी बोलतात. अक्षरं ओळींत मांडायची. आधी ओळीचा क्रमांक वाजवायचा, मग त्या ओळीतल्या अक्षराचा. आपल्याकडे ओळी आधीच मांडलेल्या आहेत, हे माझ्या लक्षात आलं. क-ची ओळ पहिली, च-ची दुसरी, मग ट, त, प. सहावी य र ल व. सातवी श ष स ह ळ. काना-मात्रा वाजवायच्या नाहीत, ऐकणाऱ्याने आपल्या मनाने घालायच्या. रंकाळ्यावर फिरायला गेलो तेव्हा मी हे इंदूला समजावून सांगितलं. तिने एकदा ऐकलं आणि म्हणाली, "एवढंच ना?" त्याच संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तिने लाटण्याच्या टोकाने फळीच्या गाठीवर माझं नाव वाजवलं. माझी आई म्हणाली, "अगं, लाटणं मोडशील."

आमच्या त्या भाषेत एक अडचण होती. सातवी ओळ. श, स, ह आलं की नुसत्या ओळीसाठीच सात वेळा वाजवावं लागायचं. आईचे कान तिखट. म्हणून ती ओळ आम्ही टाकूनच दिली. सातव्या ओळीतलं अक्षर असलेला शब्द वापरायचाच नाही. चहाला नुसतं च. हो म्हणायचं तर फळीवर नखाचा एक ओरखडा. अशी काटकसर करत करत आम्ही त्या दोन खोल्यांत अकरा वर्षं बोललो, भांडलो, मनं जुळवली. पुढे स्वतंत्र घर झालं, तोंडाने बोलायची मोकळीक मिळाली, आणि टकटक हळूहळू संपली. तिच्या लक्षात असेल की नाही, हेही मला माहीत नव्हतं.

लक्षात होतं.

मी टेबलावर नखाने एक ओरखडा काढला. तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मग खाली बसलो आणि दोन्ही हात पुन्हा मांडीखाली घातले.

"मामा, काय म्हणत होता?" केतकीने विचारलं. "कोडं काय?"

"कोडं राहू दे," मी म्हणालो. "अजून वेळ आहे."

नेसरीकरने भुवया वर केल्या.

आत तस्लीम उठून पेटीपाशी आली होती. "हर्षा, दोन मिनिटं तोंड बंद ठेवशील?"

"मी काय केलं?"

"तेच. काही करू नकोस."

तिने पहिल्या चकतीवर बोट ठेवलं आणि चकती सावकाश फिरवली. मग डोळे मिटून पुन्हा फिरवली. "इथे खाच आहे," ती म्हणाली.

"लाकूड आहे, खाचा असणारच."

"नाही. ठरावीक जागी आहे. क ख ग घ ङ, खाच. च छ ज झ ञ, खाच." ती मोजत गेली. "पाच पाच अक्षरांनंतर आहे. फक्त इथे चार आहेत. य र ल व, खाच."

मी खुर्चीच्या कडेवर आलो. ती खाच! सुताराने चकत्या आणून दिल्या तेव्हा मी तीन दिवस त्या खाचांकडे बघत बसलो होतो. फारच उघड होतंय का? बुजवून टाकू का? लाखेने बुजवायची तयारीसुद्धा केली होती. पण ज्याला क ख ग च्या ओळी माहीत नाहीत, त्यालाही बोटाने कळल्या पाहिजेत, असं वाटलं आणि राहू दिल्या होत्या. मघाशी नेसरीकर बोलला तेव्हा घाबरण्याच्या नादात मी माझं मीच केलेलं विसरून गेलो होतो.

"म्हणजे ओळी आहेत," तस्लीम म्हणाली. "आणि टकटक जोडीजोडीने येते. पाच-पाच. एक-तीन. सहा-दोन. तीन जोड्या आणि तीन चकत्या!"

चष्मेवाला आयुष्यात पहिल्यांदा हर्षवर्धनच्या आधी बोलला. "पाचवी ओळ, पाचवं अक्षर. प फ ब भ... म."

"पहिली ओळ, तिसरं. ग."

"सहावी, दुसरं. य, र. र!" हर्षवर्धन नाचायला लागला. "मगर! मगर आहे!"

"कोल्हापुरात मगर?" तस्लीम चकत्या फिरवत म्हणाली. "ती सांगलीला असते, नदीत."

"असू दे की. आली असेल पाहुणी."

पेटी उघडली. टक् असा एकच आवाज झाला आणि फळीमागची टकटक थांबली. पेटी उघडली की हातोडी थांबावी, अशीच ती जोडलेली होती. नेसरीकरची ती कल्पना मला फार आवडायची. फळीपलीकडच्या माणसाला आता बोलायची गरज उरली नाही, असं वाटायचं.

मुलं किल्ली घेऊन आरडाओरडा करत स्वयंपाकघराच्या दाराकडे पळाली. दार उघडलं. घड्याळात अजून सात मिनिटं शिल्लक होती. इंदू तेवढी मागे राहिली, उठून खुंटीपाशी गेली. तिने खुंटीवरच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घालून पाहिला. तो खिसा रिकामाच होता, मी त्यात काही ठेवलेलं नव्हतं. तिने बाही झटकली, कोट खुंटीवर सरळ केला.

बोळात नेसरीकरने घड्याळ थांबवलं. मग केतकीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडायलाच लागली. "म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी?"

नेसरीकर उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि वाकून चक्क पाया पडला. "मामा, त्या खोलीतला खिळासुद्धा आता हलायचा न्हाई," तो म्हणाला. "बंगला गेला खड्ड्यात."

मुलं बाहेर आली तेव्हा मी दाराआड सरकायच्या बेतात होतो. पण तस्लीमने विचारलं, "हे कुणी बनवलं?" आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं.

"सर, ती खाच भारी होती," ती म्हणाली. "नुसतं ऐकून सुटलं नसतं, नुसतं बघूनही नाही. हात लावावाच लागतो."

मी "अं, हो" असं काहीतरी म्हणालो. जन्मभर मी दुसऱ्यांची पुस्तकं लोकांच्या हातात देत आलो. माझी स्वतःची एखादी गोष्ट कुणीतरी हात लावून वाचली, अगदी शेवटपर्यंत वाचली, हे पहिल्यांदाच घडत होतं. माझे कान तापले होते. ती खोली पुढे सहा वर्षं चालली. पुण्याहून, बेळगावहून लोक ती बघायला यायचे. पण त्या मुलीचं ते वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतं.

"मामी, तुम्ही आत कायच बोलला न्हाई?" नेसरीकरने विचारलं.

"मी काय बोलू? पोरं हुशार आहेत," इंदू म्हणाली. "मी आपली बसले होते."

"आणि मामा, मगरच का?" केतकीने डोळे पुसत विचारलं. "घरात मगर कशी काय आली?"

मी इंदूकडे पाहिलं. ती डब्याचं झाकण उघडून आत बघत होती. "जेवला नाहीत ना अजून?" ती म्हणाली. "चला, रिक्षा बघा. घरी जाऊन गरम करते."

"असंच," मी केतकीला म्हणालो. "सोपा शब्द मिळाला."

खाली येऊन रिक्षात बसलो तेव्हा उन्हं उतरली होती. वैशाखाचे दिवस होते. कोपऱ्यावर एक बाई पाटीत गजरे घेऊन बसली होती. मी रिक्षा थांबवली, उतरलो, आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत मोगऱ्याचा गजरा घेतला. शनिवार पेठेतल्या त्या घरात गजरा असा हातात देणं मला कधी जमलं नाही. तो पळसाच्या पानात बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचो, कोट खुंटीला लावायचो आणि फळीवर वाजवायचो. पाच-पाच. एक-तीन. सहा-दोन. काना-मात्रा ती आपल्या मनाने घालायची आणि सगळे निजले की येऊन खिशातून मोगरा काढून घ्यायची.

रिक्षात परत बसल्यावर मी गजरा तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही.

"खिशात ठेवा," ती म्हणाली.

"मी आता कोट कुठे घालतो?"

"शर्टाच्या ठेवा. रीत आहे ती."

मी तो शर्टाच्या खिशात ठेवला. रिक्षा सुरू झाली. बराच वेळ ती बाहेर बघत राहिली. मला वाटलं, आता विचारेल, मला का नाही सांगितलंत म्हणून. किंवा म्हणेल, आपली गोष्ट लोकांसमोर कशाला मांडलीत. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, आणि नेहमीप्रमाणे ती जुळत नव्हती.

तिने बाहेर बघतच हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि बोटाने वाजवायला सुरुवात केली.

एक, दोन, तीन, चार. मी मोजत होतो. पाच, सहा. ती थांबली नाही. सात.

सातवी ओळ. आमच्या अकरा वर्षांत कुणीच न वाजवलेली. मला वाटलं, चुकली. मग उसंत, आणि एक. श.

पाच, तीन. ब.

रिक्षा खड्ड्यातून गेली तशी ती थांबली. बोट तिथेच टेकवून ठेवलं. रस्ता सरळ झाल्यावर पुन्हा सुरू केलं, अगदी सावकाश. आता ऐकणारं कुणी नव्हतं आणि घाई नव्हती. सात. उसंत. तीन.

स.

शाबास.